ऐकून ओळखलेला आजार

दुसऱ्यांच्या आजारांवर माझं पोट चालत होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुलगी दुसरीत गेली आणि मी शनिवार पेठेत, एका साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर नव्याने निघालेल्या कंपनीत नोकरी धरली. त्या कामाला मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणत. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकीकत तोंडाने बोलून रेकॉर्ड करायचे. तिकडे रात्र झाली की ते आवाज आमच्या कॉम्प्युटरवर यायचे. आम्ही तीसेक बायका कानांना हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज पुढेमागे करत सगळं टाइप करायचो आणि त्यांची सकाळ उजाडायच्या आत परत पाठवायचो.

मी बी.कॉम. झालेली. सहा महिन्यांच्या शिकवणीत हाडांची, औषधांची, शस्त्रक्रियांची नावं घोकली होती. मूत्रपिंडातल्या बारीकशा गाळणीचं स्पेलिंग मला झोपेतही आलं असतं, पण ती गाळणी बिघडली म्हणजे माणसाचं काय होतं हे सांगता आलं नसतं. शब्द कानातून आत यायचे आणि बोटांतून बाहेर जायचे. मध्ये डोक्याचं काम फारसं नसे.

आमचं टाइप केलेलं तपासायला एक बाई होत्या. आधी एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या, निवृत्तीनंतर इथे आलेल्या. सगळ्या त्यांना मेट्रनबाईच म्हणायच्या. एकदा एका मुलीने डाव्या पायाच्या जागी उजवा टाइप केला. मेट्रनबाई तिला एवढंच म्हणाल्या, "आता त्या माणसाचा चांगला पाय कापतील. जा, जेवून ये."

माझे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. मूळचे वऱ्हाडातले. माझ्या माहेरच्या पेठेतल्या मंडळींना या स्थळाचं नवल वाटलं होतं, पण आमचं बरं चाललं होतं. आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. पुण्यात वीस वर्षं काढल्यावर ह्यांची बोली इथली झाली होती. राग आला किंवा फार वाईट वाटलं की मात्र वऱ्हाडी बाहेर पडायची. रविवारी सकाळी कॉलनीच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळायचे. उंच होते, नेटजवळ उभे राहिले की समोरची पोरं आपसूक मागे सरकायची.

त्या वर्षी गणपती उठले आणि ह्यांचं नाक चोंदलं. त्या दिवसांत निम्म्या पुण्याचं नाक चोंदलेलं असतं, त्यामुळे आम्ही वाफारा घेत बसलो. दिवाळीपर्यंत नाक मोकळं झालं नाही, उलट रुमालावर रक्ताच्या खपल्या यायला लागल्या. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सायनस सांगितला, गोळ्या दिल्या, मग नाक साफ करायची छोटी शस्त्रक्रियाही केली. पंधरा दिवस बरं वाटलं. डिसेंबरात डाव्या कानाने ऐकू येईना. टीव्हीचा आवाज इतका वाढला की मुलगी खिडकी लावून घ्यायची. जानेवारीत एक डोळा लालभडक झाला आणि दुखायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. त्यानंतर गुडघा सुजला, तो उतरतो न उतरतो तोच घोटा सुजला. हाडांच्या डॉक्टरांनी व्हॉलीबॉल बंद करायला सांगितलं.

प्रत्येक डॉक्टरने आपापला अवयव नीट पाहिला. तीन डॉक्टरांच्या तीन फायली झाल्या. त्या मी एका पिशवीत ठेवायचे आणि ज्याच्याकडे जायचं त्याची तेवढी काढून न्यायचे. नाकवाल्याला गुडघ्याचं सांगून त्याचा वेळ का घ्यायचा, असं आम्हाला वाटायचं. तिन्ही एकाच्याच पुढ्यात ठेवाव्यात हे आम्हालाही सुचलं नाही.

याच सुमाराला ह्यांनी चष्म्याची तक्रार सुरू केली. चष्मा सैल झालाय, सारखा खाली येतो. बाजारातल्या चष्मेवाल्याकडे दोनदा जाऊन काड्या आवळून आणल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने सांगितलं की फ्रेममध्ये काही दोष नाही. घरी येऊन हे चिडले, तर मी म्हटलं होतं, "मग डोकं बारीक झालं असेल. वापरत नाही ना." हे हसले होते.

फेब्रुवारीत ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. दोन महिन्यांत वजन इतकं उतरलं की पँटला नवी भोकं पाडलेला पट्टा लागायला लागला. खोकला होताच. एकदा खोकल्यात रक्ताची रेघ दिसली तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. गावात त्यांचं नाव होतं, बाहेर कायम तीस माणसं बसलेली. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून दोन्ही फुप्फुसांतले गोल डाग दाखवले. एका डागात पोकळी होती. बेडका तीनदा तपासला, जंतू सापडले नाहीत. ते म्हणाले, जंतू नेहमी सापडतातच असं नाही, हा टीबीच आहे, औषधं सुरू करू. चार प्रकारच्या गोळ्या लिहून देताना त्यांनी आवर्जून सांगितलं की एका गोळीने लघवी नारिंगी-लाल होते, घाबरू नका.

आम्ही घाबरलो नाही.

मुलीला माझ्या आईकडे ठेवलं. ह्यांनी स्वतःच आपलं ताट-पेला वेगळा केला, कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या बाई गॅलरीतून बोलायच्या, आत यायच्या नाहीत. आजार कोणता ते एकदाचं ठरलं, सहा महिन्यांनी संपेल, याचं मला खरं तर बरं वाटत होतं. मी सकाळी ह्यांच्या गोळ्या काढून ठेवायचे, डबा करायचे आणि कामावर जायचे.

गोळ्या सुरू होऊन तीनेक आठवडे झाले असतील. एका सकाळी माझ्या वाट्याला एका म्हाताऱ्या डॉक्टरची फाईल आली. आम्ही त्यांना तोंडाने ओळखत नव्हतो, पण आवाज चांगला ओळखायचो. हे गृहस्थ सावकाश बोलायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम टाकायला सांगत "पीरियड" म्हणायचे. आम्हा सगळ्यांना त्यांची फाईल आवडायची, कारण चुकायची भीती नसे.

चव्वेचाळीस वर्षांचा पुरुष, पीरियड. आठ महिन्यांपासून नाक चोंदणं, खपल्या, रक्त, पीरियड. एका कानाने कमी ऐकू येणं, पीरियड. डोळा लाल होऊन दुखणं, पीरियड. सांधे एकामागून एक सुजणं, पीरियड. मी टाइप करत होते. फुप्फुसात गाठी, त्यातल्या एकीत पोकळी, जंतुसंसर्ग समजून औषधं दिली, उपयोग नाही, पीरियड. इथे माझी बोटं मंदावली. पुढचं वाक्य होतं की नाकाचा दांडा मधोमध खचून खोगिरासारखा झाला आहे.

मी पेडलवरून पाय काढला.

मग मागे घेऊन ते सगळं पुन्हा ऐकलं. शब्द एकही अडला नव्हता, तरी तिसऱ्यांदा ऐकलं. पुढे लघवीत रक्ताच्या पेशी सापडल्याचं होतं, मूत्रपिंड वेगाने बिघडत असल्याचं होतं, आणि शेवटी आजाराचं नाव. तेव्हा त्या आजाराला एका परदेशी डॉक्टरचं नाव होतं. आता ते बदलून लांबलचक शास्त्रीय नाव ठेवलंय. शरीराची रोगाशी लढणारी ताकद उलटते आणि शरीरातल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर तुटून पडते. नाक, कान, डोळे, फुप्फुसं, सांधे, मूत्रपिंडं, जिथे म्हणून बारीक रक्तवाहिन्या आहेत तिथे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की सात समुद्रांपलीकडचा एक म्हातारा माझ्या नवऱ्याची हकीकत सांगतोय.

मेट्रनबाई मागे येऊन उभ्या होत्या. फाईल अडली का, असं त्यांनी विचारलं. मी हेडफोन काढून त्यांना ह्यांचं सगळं सांगितलं, नाकापासून गोळ्यांपर्यंत. आमच्याकडे नियम कडक होते. पेशंटचं काही लिहून घ्यायचं नाही, बाहेर बोलायचं नाही, हॉलमध्ये कागद-पेन आणायचं नाही. मी म्हटलं, मला हे नाव घरी न्यायचंय.

मेट्रनबाईंनी आधी हॉलभर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "त्या माणसाचं नाव नेऊ नकोस. आजाराचं ने. ते कुणाच्या बापाचं नाही." आणि स्वतःच्या टेबलावरचा कागद फाडून त्यांनी आजाराचं आणि त्याच्या रक्ततपासणीचं नाव लिहून दिलं. खाली लिहिलं, लघवी तपासा, सूक्ष्मदर्शकाखाली.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले. हे खिडकीशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, अहो, चष्मा काढा. काय झालं, असं विचारत त्यांनी तो काढला. मी नाकाच्या मुळाशी बोट ठेवलं आणि खाली ओढत आणलं. हाड संपलं तिथे बोट खड्ड्यात उतरलं. रोज समोर असलेला चेहरा. सात महिने मी तो चेहरा पाहत होते आणि नाक खाली बसत चाललंय हे मला दिसलं नव्हतं, चष्म्याला कळलं होतं. हे माझ्याकडे बघत राहिले. मी हात धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, आणि हे नाव कुठे मिळालं असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते हसले, पण वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसावं तसं.

"हे बघा बाई, आपल्या देशात छातीत असा डाग दिसला की पहिलं टीबी, दुसरं टीबी आणि तिसरंही टीबीच. तुम्ही म्हणताय तो आजार मी पुस्तकात वाचलाय. पेशंट आजवर एकही पाहिला नाही."

पाहिला नाही की ओळखला नाही, हे विचारायचं मला नंतर बसमध्ये सुचलं. तिथे मी फक्त लघवी तपासायचं विचारलं. ते म्हणाले, औषधामुळे लघवी लालच दिसणार, त्यात काय बघायचं. दोन महिने गोळ्या पूर्ण होऊ द्या, मग पाहू. बाहेर माणसं खोळंबली होती. आम्ही उठलो.

पायऱ्या उतरताना ह्यांनी माझा दंड धरला. आवाज खाली होता, पण वऱ्हाडी निघाली होती. "काहून माझी इज्जत घालवली तू तिथं? टायपिंग करते तू. डाक्टर व्हय का?"

त्या दिवसापासून एकोणीस दिवस मी गप्प होते.

या एकोणीस दिवसांचं मला पुढे पुष्कळदा स्वतःला उत्तर द्यावं लागलं. मी भित्री नव्हते. माहेरी माझ्या तोंडाला सगळे वचकून असायचे. पण एवढे मोठे डॉक्टर, बाहेर तीस माणसं, आणि मी दुसऱ्याचं ऐकून टाइप करणारी. शिवाय आत कुठेतरी मला त्यांचंच खरं हवं होतं. टीबी बरा होतो. त्या म्हाताऱ्याच्या आवाजातल्या आजाराचं पुढे काय होतं ते मी टाइप केलं होतं. मेट्रनबाईंनी दोनदा विचारलं, लघवी तपासली का. मी दोन्ही वेळा सांगितलं की डॉक्टर नको म्हणाले. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "डॉक्टरांची नको आहे. तुझ्या नवऱ्याची तपास."

विसाव्या दिवशी सकाळी ह्यांना चपला पायांत जाईनात. घोट्यांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. मी काही न विचारता एक बाटली पुढे केली. ती घेऊन हे बाथरूममध्ये गेले.

खडकी बाजारात एक छोटी लॅब होती. चालवणारे साठीतले मुसलमान गृहस्थ होते, त्यांचं घराणं तीन पिढ्या त्याच गल्लीत. डॉक्टरांची चिठ्ठी नाही म्हणून मी आधीच माफी मागितली. त्यांनी बाटली उजेडात धरली. मी म्हटलं, टीबीच्या औषधाचा रंग आहे. ते मान हलवून आत गेले. बाकावर मी वीस मिनिटं बसले असेन. ते बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता.

"रंग औषधाचा असेल," ते म्हणाले. "पण तळाशी जे बसलंय ते औषध नाही. रक्त आहे, आणि ते मूत्रपिंडातून येतंय. मिस्टरांना आत्ता घेऊन या. रक्त काढतो. रिपोर्ट उद्या देणार नाही, लगेच देतो."

ह्यांना रिक्षाने आणलं. दुपारी रिपोर्ट हातात आला. क्रिएटिनिन एकच्या आसपास असावं लागतं हे मी हजारदा टाइप केलं होतं. ह्यांचं सहाच्या वर होतं. त्या गृहस्थांनी स्वतः एका मोठ्या हॉस्पिटलातल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आम्हाला तिकडे पाठवलं.

त्या डॉक्टर पस्तिशीच्या बाई होत्या. पिशवीतल्या सगळ्या फायली त्यांनी पलंगावर पसरायला लावल्या आणि ह्यांना अगदी पहिल्या सर्दीपासून सांगायला सांगितलं. मध्ये बोलल्या नाहीत. मग नाकाकडे पाहिलं, डोळ्याची पापणी उलटून पाहिली, पायावरचे बारीक लाल ठिपके पाहिले, जे आम्ही डास चावल्याचे समजलो होतो. मी मेट्रनबाईंचा कागद दिला. घडी घालून घालून तो फाटायला आला होता.

त्यांनी वाचून वर पाहिलं. "हे कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला हेच वाटतंय." रक्त मुंबईला पाठवलं, त्याचं उत्तर यायला आठ दिवस लागणार होते. त्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. त्याच संध्याकाळी शिरेतून स्टिरॉइड सुरू केलं. दोन दिवसांनी मूत्रपिंडाचा सुईने तुकडा काढून तपासला. गाळण्यांपैकी बहुतेक सगळ्या गेलेल्या होत्या.

त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की निदान बरोबर आहे. तुमचं बरोबर होतं. मी विचारलं, वीस दिवस आधी आलो असतो तर? खोटं बोलायचं की नाही ते त्या ठरवत असाव्यात. शेवटी म्हणाल्या की काही गाळण्या वाचल्या असत्या, किती ते सांगता येणार नाही.

त्या आठवड्यात फुप्फुसातही रक्तस्राव झाला. सहा दिवस हे श्वासाच्या मशीनवर होते. मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्च्यांवर बसून होते, आणि कानात तो म्हातारा बोलत होता, पीरियड, पीरियड. हे त्यातून वाचले. ताप गेला, खोकला गेला, फुप्फुसातले डाग विरघळले, डोळा पांढरा झाला. मुंबईहून रिपोर्ट आला, तोही होकाराचा. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. मूत्रपिंडं मात्र परत आली नाहीत.

महिन्याभराने मी एकटीच छातीच्या डॉक्टरांकडे गेले. भांडायला नव्हते गेले. त्यांच्यासमोर तुकड्याचा रिपोर्ट ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग कंपाउंडरला झेरॉक्स काढून आणायला पाठवलं. झेरॉक्स त्यांनी खणात ठेवली. "पाहिला नव्हता," ते म्हणाले. एवढंच. मी मूळ कागद घेऊन निघाले.

त्यानंतर चार वर्षं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आजार दाबायच्या इंजेक्शनांनी केस गेले, स्टिरॉइडने चेहरा गोल झाला, त्या गोल चेहऱ्यात खचलेलं नाक. मुलीने शाळेच्या संमेलनाला बाबांना बोलवायचं टाळलं आणि मग घरी येऊन रडली, कारण तिने विचारायच्या आधी त्यांनी स्वतःच येत नाही म्हणून सांगितलं होतं. कारखान्यात ह्यांना बसून करायचं काम दिलं. मैदानाकडच्या खिडकीचा पडदा हे उघडू द्यायचे नाहीत. आमची कंपनी दरम्यान हिंजवडीला एका काचेच्या इमारतीत गेली. मी कंपनीच्या बसने जायचे, टाइप करायचे, आणि डायलिसिसच्या दिवशी तिथून थेट हॉस्पिटलात.

दुसऱ्या वर्षी कधीतरी, डायलिसिस चालू असताना, मी त्या एकोणीस दिवसांचं बोलले. ह्यांचा डावा कान गेला होता म्हणून मी कायम उजवीकडे बसायचे. मी म्हटलं, मी तेव्हा ऐकायला नको होतं, तुमचंही आणि डॉक्टरांचंही.

हे नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे बघत होते. मग म्हणाले, "तू बोंबलली असती तरी मी आयकलं नसतं."

मला वाटलं, झालं. पण ते थांबले नव्हते.

"पण बोंबलायचं होतं," ते म्हणाले.

यात राग नव्हता. खरं होतं म्हणून बोलले. त्यांनी माझा हात धरलेला होता तो सोडलाही नाही. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

चौथ्या वर्षी पावसाळा सरता सरता साधा ताप आला. औषधांनी अंगातली लढायची ताकद दाबून ठेवलेली, त्यामुळे साध्याचा मोठा व्हायला तीन दिवस पुरले. एका दुपारी हे गेले. मुलगी बाहेर व्हरांड्यात माझ्या आईजवळ बसली होती. आम्ही क्वार्टर सोडलं आणि माझ्या आईच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या.

वर्षभराने मला छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला. एक मुलगी आहे, हाच आजार, इंजेक्शन घ्यायला तयार होत नाही, तुम्ही बोलाल का. मी जाणार नव्हते. गेले.

ती चोवीस-पंचवीस वर्षांची होती, यवतमाळकडची, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. आई गावाहून आलेली. मुलगी नाक चोंदलं म्हणून तीन महिने औषधं घेत होती, खोकला लागला म्हणून या डॉक्टरांकडे आली. त्यांनी पहिल्याच भेटीत लघवी तपासायला लावली. रक्ताचा थोडा अंश सापडला होता. क्रिएटिनिन एकाच्या आत. तिचं नाक सरळ होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हिचं वेळेत सापडलं, ह्यांचं का नाही, असं वाटलं. मी बाकावर बसले आणि तिच्या नाकाकडे बघत राहिले. ती मुलगी बिचारी मला पाणी हवंय का विचारत होती. मग मी तिला सगळं सांगायला लागले. इंजेक्शनच्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं, केस जातात पण येतात, गर्दीत नाकावर रुमाल, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. ती फोनमध्ये लिहून घेत होती.

निघताना तिच्या आईने माझा हात धरून विचारलं, "तुमचे साहेब आता बरे हायेत ना?"

ती बोली कानावर पडली आणि मी म्हटलं, "हो. बरे आहेत. कामावर जातात."

मुलीने इंजेक्शनं घेतली. दर सहा महिन्यांनी तिचा फोन यायचा, रिपोर्ट चांगला आहे सांगायला, आणि शेवटी ती काकांची चौकशी करायची. मी बरे आहेत म्हणायचे. तीन वर्षं मी ते म्हणत राहिले. एकदा तर काकांना सर्दी झालीय असंही सांगितलं, आणि ती घाबरली तेव्हा तपासून घेतलं, साधीच आहे, असं म्हणून तिला समजावलं.

मग ती लग्नाची पत्रिका घेऊन न सांगता घरी आली. दार माझ्या मुलीने उघडलं. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा ती पत्रिका हातात धरून भिंतीवरच्या फोटोसमोर उभी होती. हार चंदनाचा होता, बरीच वर्षं झाल्यासारखा दिसणारा.

"कधी?" तिने विचारलं.

"तू भेटलीस त्याच्या आधीच," मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. रडली नाही, रागावली नाही. थोड्या वेळाने तिने पर्समधून पेन काढलं, पत्रिकेवर आम्हा तिघांची नावं लिहिलेली होती त्यातलं एक खोडायला म्हणून उघडलं, आणि मग तसंच बंद करून ठेवलं. मी चहा टाकायला आत गेले.